आधी सभा, मग सही : ग्रामसभेला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सकाळी डेअरीवर दूध घालायला गेलो होतो. एका हातात कॅन, दुसऱ्या हातात गाडीची चावी. ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर उघडून उभा होता. "दादा, आठे सही करी द्या, ग्रामसभानी शे." केली. मागेपुढे पाहिलंसुद्धा नाही.

सात महिन्यांनी त्या सभेचं प्रोसिडिंग, म्हणजे इतिवृत्त, हाती आलं. त्यात लिहिलं होतं की आमच्या गल्लीतल्या गटाराचं काम समाधानकारक पूर्ण झालं आणि ग्रामसभेने ते सर्वानुमते मान्य केलं. खाली ११२ सह्या, ४७ वी माझी. गटार आमच्या घराच्या दोन घरं आधीच संपतं आणि पावसाळ्यात सगळं पाणी आमच्या ओट्याला लागतं, हे गावात कुणालाही विचारा. कागदावर मात्र ते पूर्ण झालं होतं आणि त्याला साक्षीदार मीच होतो.

त्यानंतर दीड वर्ष हेलपाटे घालून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. गाव शहाद्याकडचं असो की पारोळ्याकडचं, रीत तीच.

१. आधी मतदार यादीत नाव बघा

ग्रामसभा म्हणजे सरपंच आणि मेंबर नव्हेत. गावच्या मतदार यादीत ज्यांचं ज्यांचं नाव आहे ते सगळे मिळून ग्रामसभा. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली, तेव्हापासून ग्रामसभेला थेट संविधानात जागा आहे. सरपंच पाच वर्षांसाठी निवडून येतो. ग्रामसभेचे सभासद तुम्ही नाव यादीत असेपर्यंत असताच.

पण नाव असलं पाहिजे. आपल्याकडची निम्मी तरुण पोरं सुरत, पुणे, नाशिकला. काहींनी तिकडे नाव लावलं आणि गावातलं गेलं, काहींचं दोन्हीकडे आहे. दोन ठिकाणी नाव ठेवणं गुन्हा आहे, "राहू दे, काय बिघडतं" म्हणू नका. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलायला किंवा दुरुस्तीला नमुना ८. पूर्वी फक्त १ जानेवारीला १८ पूर्ण झालेले धरत. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. गावातला बीएलओ (मतदार यादीचं काम बघणारा) बहुतेक शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीताई असतात. काही अडलं तर १९५० नंबरला फोन लावा.

२. तारखा आणि नोटीस

वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. आपल्याकडे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा पाठ झाल्यात. आता या तारखा खान्देशात कशा येतात ते बघा. १ मेला पारा ४४-४५ वर, दुपारी कुत्रं रस्त्यावर दिसत नाही. १५ ऑगस्टला निंदणी आणि खताची घाई. २ ऑक्टोबरला कापसाची पहिली वेचणी तोंडावर. म्हणजे कुणी येणार नाही याची सोय कॅलेंडरनेच करून ठेवली आहे. १९३६ साली फैजपूरला काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं याचा आपल्याला केवढा अभिमान; आणि मारुतीच्या पारासमोरच्या सभेला शंभर डोकी जमता जमत नाहीत!

शंभर हा आकडा उगीच नाही. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ४०० मतदारांच्या गावात ६० पुरतात, २,४०० मतदारांच्या गावात १००. तेवढे नसतील तर सभा तहकूब होते. खरी गोम इथेच आहे. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. पंधरा-वीस माणसांतही ठराव होऊ शकतात, फक्त नवीन विषय घेता येत नाही. म्हणून सभा तहकूब झाली तर लगेच घरी पळू नका. पुढची तारीख आणि वेळ तिथेच मोठ्याने विचारा आणि लिहून घ्या.

साध्या ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागली पाहिजे. फलकावर लागते आणि दवंडीही द्यायची असते. मी नोटिशीचा फोटो काढतो, फोटोत फलक आणि तारीख दिसेल असा. सभाच बोलावली नाही तर? पुरेशा कारणाशिवाय ग्रामसभा न घेणाऱ्या सरपंचाचं पद जाऊ शकतं, अशी तरतूद १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात आहे. गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करता येते.

बायाबापड्यांसाठी आणखी एक गोष्ट. मुख्य ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. आमच्याकडे ती बरीच वर्षं फक्त कागदावर झाली. एकदा माझी काकू आणि तिच्या भिशीतल्या बाया खरंच जाऊन बसल्या. नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं, तेही पहाटे साडेतीनला. काकू म्हणाली, "पाणी येवाले आमनी ना नही, पन ते उजेडमा सोडा." पुरुषांच्या सभेत हा विषय दहा वर्षांत निघाला नव्हता, कारण साडेतीनला उठणारे ते नव्हतेच.

३. विषय लेखी द्या, पोच घ्या

नोटीस लागली की दोन दिवसांत आपला विषय लेखी द्या. साधा कागद पुरतो. "मा. सरपंच / ग्रामपंचायत अधिकारी" (ग्रामसेवक म्हणा, गावात तेच चालतं, पदाचं नाव २०२४ मध्ये बदललं), खाली एक विषय, चार ओळी, सही. दोन प्रती. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊन ती घरी आणा. पोच नसेल तर तो अर्ज कधी दिलाच नव्हता असं समजा.

पोच देत नाहीत? वाद घालू नका. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. मी पहिल्यांदा ओट्यावर बसून अर्धा तास भांडलो होतो. त्यातून एवढंच झालं की पुढचे दोन महिने मला कार्यालयात खुर्ची मिळाली नाही.

४. जाण्याआधी गावाचे पैसे पाहून घ्या

मोबाईलवर ई-ग्रामस्वराज हे सरकारी पोर्टल उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडलं की आपल्या गावाचा विकास आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. १५ व्या वित्त आयोगाचा २०२१ ते २०२६ चा निधी दोन भागांत यायचा : ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, ४० टक्के अबंधित, गावाच्या गरजेप्रमाणे. हे माहीत असलं की "निधीच नही शे भो" या उत्तरावर पुढचा प्रश्न सुचतो : कोणता निधी नाही, बंधित की अबंधित?

सगळी पानं वाचायची गरज नाही. आपल्या गल्लीतलं, आपल्याला रोज दिसतं असं एकच काम निवडा. त्याची रक्कम, वर्ष आणि कामाचं नाव वहीत उतरवा. पहिल्याच सभेत गावाचा अख्खा हिशेब मागणारा माणूस दुसऱ्या सभेला दिसत नाही, हा माझा अनुभव.

५. सभेत कसं बोलावं

सभा सुरू झाली की पहिला विषय असतो मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. इथे सगळे गप्पा मारत असतात. तुम्ही मारू नका. मागच्या वेळी काय लिहिलं गेलं ते कळायची आणि चुकीचं असेल तर हरकत नोंदवायची जागा हीच. "वाचलं असं समजू" म्हणाले तर उभे राहा आणि म्हणा, "आप्पा, वाचा ना, दहा मिनिटं लागतील."

विषयपत्रिकेच्या तळाशी एक ओळ असते : "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय." सगळ्यात सावध राहायचं ते इथे. लोक उठायला लागले, चहा आला, की गायरान, गाळे, झाडं तोडणं असले विषय याच ओळीखाली येतात. चहा घ्या, पण बसल्या जागी.

बोलताना एकच मुद्दा, दोन मिनिटं. माणसाचं नाव घेऊ नका, कामाचं नाव घ्या. शेवटी म्हणा, "हे इतिवृत्तात लिहून घ्या," आणि लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा. तोंडी आश्वासनाला आमच्याकडे "हा, करसूत" (हो, करू) म्हणतात. त्या करसूतमध्ये तारीख नसते.

मी पहिल्यांदा गटाराचा विषय काढला तेव्हाची गंमत सांगतो. उभा राहिलो, पोचपावती दाखवली, तारीखवार बोललो. सगळं ऐकून घेतलं गेलं. मग वसुली कारकुनाने शांतपणे रजिस्टर उघडलं आणि वाचलं : माझ्या घराची तीन वर्षांची घरपट्टी आणि पाणीपट्टी थकलेली. मंडप हसला. पुण्याला होतो, वडील थकलेले, कुणी भरलीच नव्हती. माझ्याकडे उत्तर नव्हतं. खाली बसलो.

कायद्याने थकबाकीदाराचा ग्रामसभेत बोलायचा हक्क जात नाही. त्याला निवडणूक लढवता येत नाही, तेवढंच. त्यातून मी घरी जाऊन संविधानाचं कलम ५१क वाचलं, मूलभूत कर्तव्यं. १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने दहा घातली, २००२ मध्ये मुलांच्या शिक्षणाचं अकरावं आलं. सार्वजनिक मालमत्तेचं रक्षण त्यात आहे, कर भरणं नाही. स्वर्णसिंग समितीने ते सुचवलं होतं, पण घेतलं गेलं नाही. म्हणजे कागदावर मी सुटत होतो. मंडपात मात्र नाही सुटलो. दुसऱ्या दिवशी सगळी बाकी भरली आणि पावतीची झेरॉक्स फाईलच्या पहिल्या पानावर लावली. तुम्ही सभेला जाण्याआधीच भरा, माझ्यासारखी वेळ आणू नका.

६. सही कधी, कुठे

- घरी, डेअरीवर, पिठाच्या गिरणीवर, रेशनच्या रांगेत आलेल्या रजिस्टरवर सही करू नका. सभेच्या जागी, सभेच्या दिवशीच करा.
- सहीसमोर वेळ टाका. मी "स. ११.१०" असं लिहितो.
- पानावर वर सभेची तारीख नसेल तर आधी ती लिहायला लावा.
- एखाद्या ठरावाला विरोध असेल तर "विरोध" ही नोंद ठरावाखाली, नावासह करायला सांगा. हजेरीची सही म्हणजे संमती नव्हे, पण "सर्वानुमते" हा शब्द तिचीच संमती करून टाकतो.

शिपायावर राग काढू नका. गणपूर्तीचा बोजा त्याच्या डोक्यावर टाकलेला असतो. मी आता त्याला एवढंच म्हणतो, "सभेला येतो ना, तिथेच करतो."

७. कागद मागा : माहितीचा अधिकार

सभेत उत्तर मिळालं नाही, की हा रस्ता. २००५ चा कायदा, १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू. ग्रामपंचायतीचा जनमाहिती अधिकारी म्हणजे आपला ग्रामसेवकच.

लागतं काय : जोडपत्र 'अ' चा नमुना (तहसीलसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळतो, हाताने लिहिलेलाही चालतो), १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि दोन प्रती. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, दाखल्याची प्रत जोडा. माहिती का हवी हे सांगायचं बंधन नाही. कुणी "तुले काय करनं शे?" विचारलं तर हसायचं.

महाराष्ट्रात दोन अटी आहेत आणि अर्ज पडतात ते बहुतेक यांच्यावरच : एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांच्या आत.

माझा पहिला अर्ज असा होता : "गटाराचे काम निकृष्ट व अपूर्ण का केले? जबाबदार कोण? कारवाई कधी करणार?" उत्तर आलं, माहिती उपलब्ध नाही. आणि ते बरोबरच होतं. "का" ही माहिती नसते. माहिती म्हणजे जो कागद दप्तरात आहे तो. दुसरा अर्ज असा केला :

"सन ---- मधील ---- गल्लीतील गटार बांधकामाबाबत खालील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात : १) अंदाजपत्रक २) प्रशासकीय व तांत्रिक मान्यतेचे आदेश ३) कार्यारंभ आदेश ४) मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने ५) देयकांची व्हाउचर्स ६) काम पूर्ण झाल्याबाबतच्या ग्रामसभेचे इतिवृत्त, हजेरीपत्रकासह."

बस. एकही प्रश्नचिन्ह नाही. २ रुपये पानाप्रमाणे ३८ पानांचे ७६ रुपये भरले आणि कागद आले. डेअरीवरची ती सही मी तेव्हाच पाहिली.

त्यातली सगळ्यात कामाची चीज म्हणजे मोजमाप पुस्तिका, बोलीत एमबी. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, जाडी तिच्यात लिहिलेली असते आणि बिल त्यावरच निघतं. एमबीत आमचं गटार ११० मीटर. शेजारच्या पोराला टेपचं एक टोक धरायला लावून मी मोजलं : ८४ मीटर. पुन्हा उलटीकडून मोजलं. ८४. ओट्यावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "भो, गटार बठ्ठं (पूर्ण) शे. टेपच लांब शे तुनी."

मुदत ३० दिवसांची. मुदतीत माहिती दिली नाही तर पुढे ती फुकट द्यावी लागते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर त्यांनीच पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, "इथे नाही" म्हणून परत करायचा नसतो. झेरॉक्सऐवजी दप्तर समक्ष पाहायचं असेल तर तसंही मागता येतं. पहिला तास मोफत.

८. उत्तर नाही आलं तर

पहिलं अपील ३० दिवसांत, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा स्टॅम्प. ते पंचायत समितीत बसणाऱ्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे. त्याचं पद ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेलं असायला हवं. बहुतेक कामं इथेच होतात, कारण सुनावणीची नोटीस निघाली की कागद आपोआप सापडतात. दुसरं अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे, आपले तिन्ही जिल्हे (जळगाव, धुळे, नंदुरबार) तिथेच येतात. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये असा दंड आयोग लावू शकतो. पण तारीख लागायला बराच वेळ जातो. नाशिकची धमकी देऊन अर्ज सुरू करू नका.

आणि एक कानात सांगतो. अर्ज मागे घेण्यासाठी पैसे घेणारे "आरटीआयवाले" तालुक्याला असतात. तुमच्या अर्जाचा मसुदा त्यांच्याकडून करून घेतलात तर गावात तुमचीही गणती त्यांच्यातच होते.

पेसा गावांसाठी

नंदुरबार जिल्ह्यातला बराच भाग, तसंच साक्री, शिरपूर, चोपडा, यावल आणि रावेर तालुक्यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा लागू आहे आणि महाराष्ट्राचे त्याचे नियम २०१४ चे आहेत. तिथे ग्रामसभेचं वजन कितीतरी जास्त. पाड्याला स्वतःचं गाव म्हणून जाहीर होऊन स्वतःची ग्रामसभा घेता येते, गौण खनिजासाठी ग्रामसभेची शिफारस लागते आणि आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट येतो. तुमचा पाडा यादीत आहे का, हे पंचायत समितीत विचारा. आधी ते, मग बाकीचं.

९. पाठपुरावा आणि पिशवी

कागद मिळाले की ते घेऊन पुढच्या ग्रामसभेत जा, व्हॉट्सअॅपवर टाकू नका. मी आधी टाकले. ठेकेदाराचा भाचा, सरपंचाचे विरोधक आणि ज्यांचं काही देणंघेणं नाही असे सगळे त्यात उतरले, आणि गटार बाजूलाच राहिलं. सभेत एमबीचं पान वाचून दाखवलं आणि एवढंच म्हटलं की चला, आत्ता मोजू. आठ-दहा जण उठले. त्यात सरपंचबाईही होत्या. त्यांचे यजमान मागे मागे. मोजलं, इतिवृत्तात लिहिलं, शाखा अभियंत्याकडे ठरावाची प्रत गेली. उरलेले २६ मीटर मृगाच्या आधी झाले. कडेचा गिलावा पातळ आहे, दोन ठिकाणी आत्ताच फुगलाय. त्याचा अर्ज वेगळा, कारण एका अर्जात एकच विषय.

माझ्या पिशवीत असतं ते असं : मतदार ओळखपत्र, चालू वर्षाची घरपट्टीची पावती, नोटिशीच्या फोटोची प्रिंट, पोच घेतलेले अर्ज तारखेप्रमाणे लावून, मागच्या इतिवृत्ताची प्रत, दोन निळी पेनं (एक कुणीतरी नेतंच), पाण्याची बाटली आणि टेप. टेप तीस मीटरची घ्या. पाच मीटरवाली सरकवत मोजलं की ठेकेदाराचा माणूस प्रत्येक खुणेवर हरकत घेतो.